पत्र्याआडचं पाणी

मागच्या मे महिन्यात सातारा रस्त्यालगतच्या एका वॉशिंग सेंटरवर मी नंबर यायची वाट बघत बसले होते. रॅम्पवर एक जुनी चंदेरी गाडी चढवलेली होती. एक पोरगा खालून प्रेशरचं पाणी मारत होता आणि मडगार्डच्या आतून वाळलेल्या चिखलाचे लपके धपाधप खाली पडत होते. बघायला बरं वाटत होतं. पाणी बंद झालं आणि लगेच दुसरा पोरगा गन घेऊन खालून, पत्रा गंजू नये म्हणून मारतात ते काळं कोटिंग मारायला लागला. पत्र्याच्या सांध्यांतून पाणी अजून टिपकत होतं. जिथे थेंब ओघळायचा तिथे काळं धरायचं नाही, मग तो पुन्हा तिथेच फवारायचा. डांबर आणि थिनरचा मिसळलेला वास सगळीकडे भरून राहिला होता. गाडीचे मालक माझ्या शेजारीच उभे होते, साठीच्या आसपासचे. मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, एक-दोन दिवस उन्हात वाळू द्या ना आधी. पाणी आतच कोंडेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, मॅडम. पण विकायचीच आहे हो." मग आपल्या पिशवीतली गार पाण्याची बाटली त्या फवारणाऱ्या पोराला दिली, माझ्यासाठी सावलीत खुर्ची सरकवली, पैसे चुकते केले आणि गाडी घेऊन गेले.

माणूस वाईट नव्हता. म्हणूनच ते वाक्य डोक्यातून जाईना.

कारण अशीच कोणीतरी विकायला काढलेली आणि मी घेतलेली एक गाडी आमच्या दारात उभी आहे. मारुती ८००, २००४ सालची, नंबर एमएच-०८ चा, म्हणजे रत्नागिरीचा. आधीच्या मालकांचं घर हर्णैजवळ, समुद्राच्या तोंडावर. गाडी फिरली थोडी आणि अंगणात उभी राहिली जास्त. समुद्राकाठची गाडी म्हणजे काय, हे मला घेतानाच माहीत होतं. तरी घेतली, कारण इंजिन सुरू केल्यावर त्या तीन सिलिंडरचा आवाज इतका एकसंध होता की दुसरी कुठली बघावीशीच वाटली नाही. व्यवहार करून देणारा एजंट मात्र इंजिनाबद्दल अवाक्षर बोलला नाही. त्याचं एकच पालुपद होतं : "ताई, खालून कोटिंग मारून दिलंय. बघायलाच नको." पहिल्या पावसाळ्यात दोन-तीन मोठ्या सरी झाल्या आणि गाडीचं दार उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला. मॅट उचलली, कार्पेट उचललं, खालचा जाड नमदा हाताने दाबला. बोटांमधून पाणी आलं, आणि ते तांबूस होतं.

नाना पेठेत, स्पेअर पार्ट्सच्या दुकानांच्या मागच्या बाजूला, एक म्हातारे डेंटर, म्हणजे गाड्यांचा पत्रा दुरुस्त करणारे, बसतात. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही चाचाच म्हणते. त्यांनी गाडी बघण्याआधी ऐकली. छोटी हातोडी घेऊन दाराखालच्या उंबऱ्यावर, म्हणजे ज्या पोकळ पट्टीवर दोन्ही दारांचा खालचा भाग टेकतो तिच्यावर, पुढून मागे टकटक करत गेले. टण, टण, टण, आणि मग एकदम भद्द. "ताई, इथे पत्रा नाही, लांबी आहे," ते म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. वरचं काळं कोटिंग एखाद्या कातड्यासारखं सोलून आलं, त्याच्या आतली लांबी, म्हणजे पुट्टी, ढेकळासारखी फुटली आणि आतून निघाला वर्तमानपत्राचा बोळा. भोक बुजवायला कोणीतरी कागद कोंबला होता, त्यावर लांबी भरली होती, लांबीवर काळं मारलं होतं. बोळा मी उलगडला. एका मंगल कार्यालयाची अर्धी जाहिरात होती, ओली, तपकिरी झालेली. चाचांनी कोणाला शिवी दिली नाही. बाकीच्या उंबऱ्यावर हातोडी फिरवून म्हणाले, "एवढा हातभर पत्रा मेलाय. बाकी चौकट जिवंत आहे. करू."

शाळेत शिकवत असताना गंजाचा तो प्रयोग मी वर्षानुवर्षं करून घेतला. तीन परीक्षानळ्या आणि तीन खिळे. एकीत उकळलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, एकीत साधं पाणी, एकीत कॅल्शियम क्लोराइड टाकून कोरडी केलेली हवा. आठवड्याने फक्त मधल्या नळीतला खिळा लाल होतो. मुलं वहीत लिहायची : "गंजण्यासाठी हवा आणि पाणी दोन्ही लागतात." पूर्ण मार्क. त्या वाक्यात सगळं आहे, पण किती आहे ते मला गाडीखाली चटई टाकून आडवी झाल्यावर कळलं. पत्र्याला पाऊस लागला म्हणून पत्रा लगेच मरत नाही. पाऊस लागतो, ओघळतो, ऊन पडतं, वाळतो. मरतो तो जिथे पाणी येतं पण निघत नाही तिथे : चिखलाच्या थराआड, नमद्याखाली, स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या दोन पत्र्यांच्या मधल्या केसभर फटीत. तिथे मधली परीक्षानळी बारा महिने चालू असते. आणि गंज लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा मागतो. म्हणून रंगाला आधी फोड येतो, दोन चिकटलेले पत्रे एकमेकांपासून फाकतात, त्या फटीत अजून पाणी शिरतं. गंज सच्छिद्र असतो, तो स्वतःच पाणी धरून ठेवतो. तांब्यावर हिरवट थर आला की खालचं तांबं पुष्कळ अंशी वाचतं. लोखंडाच्या नशिबात ते नाही.

आणि समुद्राचं मीठ. आमचं आजोळ मुरूडचं, हर्णैच्या पलीकडचं. मामाची सायकल होती. रोज संध्याकाळी तो ती सायकल ओटीवर घ्यायचा आणि खोबरेल तेलाच्या फडक्याने रिम, आरे, हँडल, चेन सगळं पुसायचा. आम्हा पुण्याच्या मुलांना ते लाड वाटायचे. एका सुट्टीत मामा आजारी होता, कोणी सायकलीकडे बघितलं नाही, आणि भर मे महिन्यात, पावसाचा टिपूस नसताना, आऱ्यांवर लाल ठिपके उठले. खिडकीच्या गजांवर हात फिरवला तर तळवा खारट लागायचा हे मला अजून आठवतं. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे धातूवर ओलाव्याचा पातळ पापुद्रा कायम असतो, आणि त्या खाऱ्या पाण्यातून गंजण्याची क्रिया भराभर पुढे सरकते. थंड देशांत बर्फासाठी रस्त्यांवर मीठ पसरतात आणि तिथल्या गाड्या खालून सडतात. आपल्याकडे ते नाही. आमच्या गाडीला मीठ मिळालं ते वाऱ्यावरून. पुण्यात वर्षाला ७००-७५० मिलिमीटर पाऊस पडतो, तिकडे ३००० च्या वर. इथे आली नसती तर ही गाडी एव्हाना भंगारात असती, असं चाचा म्हणतात आणि मला ते खरं वाटतं.

पुण्याचा उन्हाळा लोकांना नकोसा होतो. मी त्याची वाट बघते.

पाडवा झाला की काम सुरू. एप्रिलच्या दुपारी इथली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. पत्रा आतून वाळवायला यापेक्षा चांगली भट्टी नाही. आधी नळीने खालचा सगळा चिखल धुऊन काढायचा आणि मग काही दिवस गाडीला हात लावायचा नाही, दारं उघडी टाकून उन्हात उभी करायची. कार्पेट आणि नमदा गच्चीवर. मग चाकांमागे दगड, जॅकने उचलून खाली लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. यात मी कोणाचं ऐकत नाही आणि घरच्यांनाही जाऊ देत नाही. नंतर चष्मा, हातमोजे, तारेचा ब्रश. ब्रशखाली फोड फुटतो तेव्हा रंगाची टिकली उडते, आत लालचुटूक भुकटी असते. ती नाकात गेली की जिभेवर रक्तासारखी चव येते. मी घासत राहते, लाल संपून करडा धातू दिसेपर्यंत. जिथे खोलगट खड्ड्यांतून लाल निघतच नाही तिथे फॉस्फरिक आम्लाचं औषध लावते. बोहरी आळीत रंगाच्या दुकानांत मिळतं. लावल्यावर थोड्या वेळाने लाल डाग काळपट पडतो, गंजाचं लोहाचं फॉस्फेट होतं. ते पुसून, वाळवून, त्याच दिवशी प्राइमर, कारण उघडा धातू रात्रभर ठेवला तर सकाळपर्यंत हवा त्याला पुन्हा शिवते.

प्राइमरबद्दल माझं ठाम मत झालं आहे. आपल्याकडे गेट असो की ग्रिल, रेडऑक्साइड फासलं की काम झालं असं मानतात. रेडऑक्साइडमधला लाल रंग म्हणजे लोहाचं ऑक्साइडच. तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरूही तेच. जे गंजून संपलंय त्याला आणखी काय गंजायचं, म्हणून ते टिकतं. पण नुसतं रेडऑक्साइड पाणी अडवत नाही, झिरपू देतं. त्यावर रंगाचा पक्का थर हवाच. गाडीच्या पोटाला मी दोन भागांचं इपॉक्सी प्राइमर लावते, सांध्यांना सीलंट, आणि मग रंग. महाग पडतं. दुकानदार दरवेळी म्हणतो, "बाई, खालच्या बाजूला एवढं कशाला?" खालच्या बाजूलाच तर हवं. वापरलेलं इंजिन ऑइल फासायचा सल्लाही पुष्कळजण देतात. जुन्या ट्रकवाल्यांची ती रीत होती. तेल पत्रा वाचवतं, पण सस्पेन्शनच्या रबरी बुशांना फुगवतं, धूळ धरतं, आणि ठिबकून ठिबकून शेवटी ओढ्याला मिळतं. मला ते करवत नाही.

खरी गोम मात्र रंगात नव्हतीच. ती मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी दाखवली. ते पिंपरी-चिंचवडकडच्या एका वाहन कारखान्यात पेंट शॉपला होते. एका रविवारी मी गाडीखाली असताना ते वाकून बघायला आले आणि उंबऱ्याच्या तळाशी असलेल्या एका लंबगोल भोकावर बोट ठेवून म्हणाले, "हे बुजलंय. हे का असतं, माहितीये?" मग त्यांनी सांगितलं. गाडीचं नुसतं पत्र्याचं धूड आधी धुतात, त्यावर फॉस्फेटचा थर देतात आणि मग रंगाच्या टाकीत अख्खं बुडवतात. पत्र्याला विजेचं एक टोक जोडलेलं असतं, त्यामुळे रंग स्वतःहून प्रत्येक कोपऱ्यात जाऊन बसतो, साधारण २० मायक्रॉनचा थर, मग भट्टीत भाजतात. पोकळ भागांत रंग आत शिरावा आणि धूड वर काढल्यावर निथळून जावा यासाठी ही भोकं ठेवलेली असतात. पुढे रस्त्यावर आल्यावर याच वाटेने पावसाचं पाणी बाहेर पडतं. सांगताना काकांचे हात हवेत ते धूड टाकीत उतरवत होते, तिरकं करत होते, वर काढत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टँकरवरून भांडताना बघितलं होतं, एवढंच.

त्या दिवसापासून मी भोकं शोधते. दाराच्या खालच्या काठाला, रबराच्या आड, बारीक चिरा असतात. काच ओली झाली की पाणी दाराच्या आत उतरतं, ते तसंच उतरायचं असतं, आणि या चिरांतून बाहेर पडायचं असतं. त्यात धूळ आणि जुनं पॉलिश साचून बूच बसतं. दार हलवलं की आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो, तो ऐकायचा. वायपरच्या खाली, काचेच्या पायथ्याशी जी जाळी असते तिच्या आत दोन्ही बाजूंना पाणी खाली सोडणाऱ्या वाटा असतात. आमच्या गल्लीत गुलमोहर आहे. गुलमोहराची पानं इतकी बारीक की त्या जाळीतून सहज गळतात, आत कुजतात आणि त्यांचं काळं खत होतं. एकदा मी तिथून मूठभर खत काढलं, त्यात गांडूळ होतं. एसीच्या पाण्याची नळी तुंबली की तेच पाणी पुढच्या सीटखाली येतं आणि माणसं छत गळतंय म्हणून बघत बसतात. वाटा मोकळ्या करायला तार वापरू नये, रंग ओरबाडतो. मी खराट्याचा हीर वापरते. बोथट असतो, वाकतो आणि वळण घेत आत जातो. भोक मोकळं होतं तेव्हा आधी एक काळा थेंब येतो, मग माती, मग कधीकधी चांगली धार लागते. त्या धारेने मला जितकं समाधान मिळतं तितकं गाडी चकचकीत झाल्याने कधी मिळालेलं नाही. सगळं वाळलं की त्याच भोकांतून बारीक नळी घालून आत मेण फवारायचं. ते पातळ असताना फटींत शिरतं, नंतर मऊच राहतं, त्याला तडा जात नाही. बॅटरीच्या खालचा ट्रे खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचा, तिथे आम्लाचं पांढरं पीठ जमतं. ही सगळी कामं मृग लागायच्या आत. मेमध्ये वळीव आला की त्या दिवशी काम बंद.

आमचं घर अरण्येश्वरच्या चढावर आहे. खाली आंबिल ओढा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काय झालं ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. कात्रजकडून येणाऱ्या पाण्याला जायला जागा उरली नव्हती, भिंती कोसळल्या, माणसं गेली. सकाळी खाली उतरले तेव्हा एकीवर एक चढलेल्या गाड्या बघितल्या, खेळण्यातल्या नव्हे, माणसांनी हप्ते भरलेल्या. सगळीकडे चिखलाचा आणि पेट्रोलचा वास. नंतर त्या गाड्या टो करून नेल्या आणि रस्ता धुतला गेला. माझ्या मनात तेव्हापासून एक प्रश्न आहे : त्यातल्या किती गाड्या सीट बदलून, पॉलिश मारून, खालून काळं फासून दुसऱ्या कुठल्या गावात कोणाच्या तरी पहिल्या गाडीच्या पेढ्यांसोबत घरी गेल्या असतील? पुराचा गाळ उंबऱ्यांच्या पोकळीत बसला तर वर्षं लागतात दिसायला. तोवर कागदावरचं नाव बदललेलं असतं.

"विकायचीच आहे" या वाक्याने मला का छळलं, ते इथे येऊन मला थोडं उमगतं. त्या गृहस्थांचा हिशेब बाजाराच्या दृष्टीने चोख होता. जुनी गाडी बघायला येणारा माणूस टायर बघतो, किलोमीटर बघतो, बॉनेट उघडून मान डोलावतो. दाराखालची चीर मोकळी आहे का, हे कोणी विचारत नाही, आणि त्यासाठी कोणी एक रुपया जास्त देत नाही. मी आमच्या गाडीवर जे खर्च केलंय त्यातलं काहीही मला परत मिळणार नाही. २०२४ मध्ये दुसऱ्यांदा नोंदणी वाढवली तेव्हा ५००० रुपये फी, पर्यावरण कर वेगळा. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या चारचाकीला तीच फी १०००० झाली. सरकारचं बरोबर असेलही, जुन्या गाड्या धूर जास्त सोडतात हे मी वर्गात शिकवलंय. पण गाडी विकायची ठरली म्हणजे तिच्याखालून मरण पुढच्याच्या अंगणात सरकवायचं, हे मला पटत नाही. आपण विकतो तेव्हा गाडी संपत नाही. कोणीतरी तिच्यात लेकरांना बसवून ताम्हिणी घाट उतरणार असतं. मागच्या सस्पेन्शनचा बोल्ट ज्या पत्र्याला धरून आहे तो पत्रा आहे की लांबी, हे त्याला कोणी सांगणार आहे का? आणि तरीही, त्या गृहस्थांच्या जागी मी असते, मुलीचं लग्न किंवा दवाखान्याचं बिल डोक्यावर असतं, तर इपॉक्सीचे पैसे खर्च केले असते असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. ते मला माहीत नाही आणि त्यांच्याबद्दलही मला काहीच माहीत नाही.

चाचांनी तो हातभर पत्रा कापून नवा बसवला. जुन्या पत्र्याचा नमुना समोर ठेवून त्यांनी नवा पत्रा ठोकून वळवला. वेल्डिंग झाल्यावर मी विचारलं, आतून प्राइमर कसं लागणार? तर त्यांनी उंबऱ्याच्या तळाला ड्रिलने एक भोक पाडलं, मूळच्या भोकाच्या बरोबर रांगेत, आणि त्याच्या कडा हाताने घासून मऊ केल्या. "कंपनीने दिलं होतं, मधल्या कोणीतरी बुजवलं. आता राहू द्या," म्हणाले. मजुरी सांगितली ती मला कमी वाटली. जास्त दिली तर त्यांनी जास्तीचे परत केले आणि वर चहा पाजला.

दिवाळीनंतर ही गाडी माझी भाची घेऊन जाणार आहे. तिला शिकायला, तिच्या नोकरीच्या गावी वापरायला. तिने गाडी मागितली तेव्हा मी अट घातली की आधी माझ्याबरोबर गाडीखाली झोपायचं. ती आली, जुने कपडे घालून, केस रुमालात बांधून. मी टॉर्च धरला आणि तिला हातोडी दिली. ती कान लावून टकटक करत गेली. चाचांनी बसवलेल्या पत्र्यापाशी थांबून म्हणाली, "मावशी, इथे आवाज वेगळा येतोय, जरा जाड." बरोबर ओळखलं, पत्रा मूळच्यापेक्षा थोडा जाड आहे. मग तिने वहीत गाडीचं खालून दिसणारं चित्र काढलं आणि भोकांवर गोल केले. मला माहीत नसलेलं एक तिला सापडलं, डिकीच्या कोपऱ्यात, रबरी बुचाखाली. डाव्या मागच्या दाराचं काम अजून राहिलंय, खालच्या काठाला फोड आहेत. ते मी मुद्दाम ठेवलंय. पुढच्या रविवारी ती येतेय, ब्रश आणि प्राइमर तिनेच आणायचं आहे, आणि बोहरी आळीत दुकानदाराशी घासाघीसही तिनेच करायची आहे.